कासवाची मान आणि समोरची खिडकी

इकडे ये बघू. अशी जवळ बस, दारात चप्पल अडकवून उभी राहू नकोस. ठाऊक आहे मला, तू पुण्यात आहेस. पण समोर कुणी बसलंय असं धरल्याशिवाय मला चार ओळी लिहिता येत नाहीत, म्हणून तुला बसवलंय. आणि बसलीच आहेस तर आधी बोलणी खा. म्हाताऱ्या मावशीच्या हातात एवढं यंत्र द्यायचं, "एकदम सोप्पं आहे गं" म्हणायचं, एका डोळ्याने मोबाइल बघत सगळी बटणं भराभर दाखवायची आणि अर्धा कप चहा तसाच टाकून पळायचं, ही कुठली रीत? मी ब्लाउज शिवायला शिकवायची तेव्हा मुलींना कितीतरी दिवस नुसता दोरा ओवायला लावायची. त्याशिवाय कापडाला हात लावू द्यायची नाही.

तर तो कॅमेरा. शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो उतरले की तो गळ्यात अडकवून तू माझ्याकडे यायचीस, आठवतं ना? पुढे तुला लेन्सा बदलायचा मोठा कॅमेरा मिळाला आणि हा इथे राहिला. "तुझ्या गॅलरीतून खाडी दिसते मावशी. पक्षी बघ, वेळ जाईल." ते मला जरा लागलंच होतं, तुला बोलले नाही. वेळ जायला काय लागतं? तो आपला आपण जातो. तो जाताना बघायला सोबत कुणी नसतं, पंचाईत तेवढीच असते.

तू गेल्यावर कितीतरी दिवस तो पिशवीतच होता. मग एकदा दुपारी काढला आणि चालू केला, तर पुढची नळी अशी काही सर्रकन बाहेर आली की मी तो पलंगावर टाकूनच दिला. कासवाने मान काढावी तसं. बंद केला की मान आत. मग काय, तोच खेळ. चालू, मान बाहेर. बंद, मान आत. घरात एक जिवंत वस्तू आल्यासारखं वाटलं, हसू नकोस.

हळूहळू एकेक कळत गेलं. वरची चकती आहे ना अक्षरांची, ती हिरव्या खुणेवर ठेवायची आणि तिथून हलवायची नाही. एकदा पिशवीतून काढताना ती आपोआप फिरली, तर माझा देव्हारा सगळा निळा. मला वाटलं डोळ्यांचंच काही झालं. डोळा लावायच्या खिडकीशेजारी बारीक चाक आहे, ते तू दाखवलंच नव्हतंस. ते फिरवलं की आतलं चित्र आपल्या चष्म्याच्या नंबराला येतं. मला ते सापडेपर्यंत मी सगळी मुंबई धुक्यातच बघत होते. फोटो काढायचं बटण एकदम दाबायचं नसतं, आधी अर्धं दाबून थांबायचं, चौकोन हिरवा झाला की मग पुरतं. हे मात्र मला लगेच जमलं. मशीनवर सुई आधी कापडात टेकवायची, टाका कुठे पडणार ते बघायचं आणि मगच पाय दाबायचा. तेच ना हे? जन्मभर दुसरं काय केलं मी?

आणि बटणाभोवतीची ती कडी. उजवीकडे ढकलली की लांबचं जवळ. काय जवळ येतं गं! पलीकडच्या टॉवरच्या टाकीवर बसलेली घार इतकी जवळ आली की मी मागे सरकले. पण जितकं जवळ आणावं तितकं ते थरथरतं. श्वास घेतला तरी घार चौकटीतून बाहेर. म्हणून मी तांदळाची पिशवी शिवली, उशीसारखी, मांजरपाटाची. ती गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची, त्यात कॅमेरा रुतवून बसवायचा. तुझ्या त्या तीन पायांच्या घोडीपेक्षा बरी.

सगळ्यात लाडकं बटण मात्र बाजूचं. डाव्या अंगाला, नळीजवळ. खूप जवळ आणलेली वस्तू हरवली, नुसतं आभाळ किंवा नुसती भिंत दिसायला लागली, की ते दाबून धरायचं. कॅमेरा आपणहून मागे येतो, सगळा परिसर दाखवतो आणि मधे एक चौकट दाखवतो. हरवलेलं माणूस त्या चौकटीत घ्यायचं, बटण सोडायचं, की पुन्हा तो थेट तिथे जाऊन पोचतो. ज्याने हे बटण केलं त्याचं कुणीतरी कधीतरी गर्दीत हरवलेलं असणार.

मी माणूस म्हटलं. कारण पक्षीबिक्षी मी फार बघितलेच नाहीत. मी समोरचीला शोधत होते.

समोरची तुला माहीत आहे, पण तुझ्या आठवणीत ती नुसती 'कोळंबीचं तिखलं देणारी आजी' असेल. जुन्या चाळीत माझ्या दारासमोर, मधला चौक सोडून पलीकडच्या गॅलरीत तिचं दार. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी दार उघडलं की पहिलं तोंड तिचं. मालवणची. तरुणपणी गिरणीत कामाला, वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात. तिथे यंत्रांचा आवाज इतका की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून बाया हातांनी बोलायच्या. पालथा पंजा म्हणजे पाणी गेलं. मूठ ओठांशी म्हणजे चहा. मिशीला पीळ दिला की मुकादम आला, गप्पा बंद. गिरणी बंद पडली, पण हात चालूच. चौकाच्या पलीकडून ती मला हातांनी सगळं सांगायची, आणि मीही शिकले. पुढे तिच्या कानांनी पार साथ सोडली. मुलाने कानातलं यंत्र आणून दिलं तर म्हणाली, "ह्येच्यात सगळीच माणसां गिरणीसारखी ऐकाक येतत," आणि ते काढून डब्यात ठेवलं. त्यामुळे फोनचा प्रश्नच मिटला. आमचं बोलणं हातांवरच चालायचं.

मग चाळ पाडली, टॉवर झाले, खोल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. मला अठरावा मजला पुढच्या इमारतीत, तिला बारावा मागच्या इमारतीत. मधे विक्रीच्या फ्लॅटवाल्यांचा बगीचा, त्याला कुलूप. आपण जायचं तर मोठ्या रस्त्याने वळसा घालून, दोन सिग्नल ओलांडून. माझे गुडघे आणि तिचे पाय, दोघींचं कसं जमायचं? महिना-महिना भेट नाही. गॅलरीतून बघावं तर समोर एकसारख्या खिडक्यांची भिंत. माणूस तीळभरही दिसत नाही.

तर कॅमेऱ्याने मी त्या भिंतीवर एकेक खिडकी चालत गेले. वाट चुकले की बाजूचं बटण. पुन्हा मागे, पुन्हा शोध. एका खिडकीत तुपाच्या जुन्या डब्यात तुळस दिसली. तो डबा मी ओळखला, त्याला पोचा माझ्याच हातून आलेला. थोडी वाट बघितली. आणि आली गं ती खिडकीत. मांडीवर सूप, तांदूळ निवडत होती, ओठ हलत होते. कुणाला तरी शिव्या घालत असणार. मी हात वर केला. तिला कुठून दिसणार? मी तसाच धरून ठेवला हात थोडा वेळ.

पण असं चोरून बघणं मला बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, दोन सिग्नल ओलांडले आणि तिला जाऊन हातवारे करून सगळं सांगितलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "म्हंजे आता माका घरात पण केस विंचरून बसूक व्हया?"

मग आमचं ठरलं. चार वाजता तिने खिडकीत यायचं आणि हातांनी बोलायचं. मी कॅमेऱ्यातून वाचायचं. माझं उत्तर तिला दिसणार कसं? तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, लांबचं चांगलं दिसतं, पण हात दिसण्याइतकं नाही. तर मी साड्या वाळत घालायच्या. लाल साडी म्हणजे हो. पांढरा पंचा म्हणजे नाही. ती विचारायची, मूठ ओठांशी, चहा झाला? मी लाल. पालथा पंजा, पाणी गेलंय तुमच्याकडे? मी पांढरा. मधेच ती मिशीला पीळ द्यायची आणि खिडकीतून नाहीशी व्हायची. म्हणजे सून आली.

सोसायटीत कपडे बाहेर टाकायला बंदी. वॉचमनचा खालून फोन. "आजी, लाल साडी दिसते बाहेर. सेक्रेटरी ओरडतो आमाला."

"अरे, वाळत नाही घातली. बोलतेय मी."

तो म्हणाला, "मग जरा लवकर बोला ना आजी."

आमचं बोलणं संपायचं ते नेहमी एकाच खुणेने. हात वर, बोटं आपल्याकडे ओढलेली. ये. मी लाल साडी दाखवायची. हो, येते. आणि जायची नाही. तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. रोज येते म्हटलं की गेल्यासारखंच वाटतं. कधीकधी मी तिचा फोटोही काढायची, अर्धं दाबून, हिरवं करून.

मग एकदा तिच्या खिडकीवर पडदा आला. तिने कधी पडदा लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी पडदा. तिसऱ्या दिवशीही. मी चार वाजता लाल साडी टाकून बसायची. हो म्हणायला, पण कशाला ते कुणी विचारतच नव्हतं. गावाला गेली असेल म्हटलं. आजारी असेल म्हटलं. सुनेला फोन केला तर घंटा वाजून बंद व्हायचा.

आणि एका दुपारी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, तर ती! पडदा नाही, तुळस आहे आणि ती खिडकीत उभी. हात वर, बोटं आपल्याकडे. ये.

मला इतका आनंद झाला की साडी चुकून उलटी टाकली. पुन्हा डोळा लावला. हात तसाच. म्हटलं दिसली नसेल. साडी हलवली, झटकली. परत बघितलं. हात तसाच. माझ्याकडे वारा इतका की साडी कठड्यावर फडफडतेय आणि तिचा पदर तसूभर हलत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. हात तसाच वर. आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाऊंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते कपाटाच्या दारावर हात ठेवून असेच उभे राहिले होते. घरातल्यांना वाटलं, काहीतरी शोधतायत.

मी दार ओढलं आणि निघाले. कॅमेरा गळ्यातच. लिफ्ट, गेट, मोठा रस्ता. सिग्नलला थांबले की नाही आठवत नाही, एक टॅक्सीवाला "ओ मावशी!" करून ओरडला एवढं आठवतं. गुडघे कुठे होते कोण जाणे. बाराव्या मजल्यावर पोचले तर तिचं दार सताड उघडं आणि आत सगळीकडे खोके. मुलगा खोक्यांना चिकटपट्टी लावतोय, सून भांडी कागदात गुंडाळतेय आणि समोरची गाद्यांच्या वळकटीवर बसलीय, दोन्ही हात मांडीवर. खिडकीवर पडदा.

"मावशी! बसा, बसा," सून म्हणाली. "काय झालं? दम लागलाय तुम्हाला."

मी कॅमेरा पुढे केला, खिडकीकडे बोट केलं, तिच्याकडे केलं. मुलाने कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला आणि हसला. "मावशी, हा फोटो आहे. आईचा. तुम्हीच काढलाय. प्लेचं बटण दाबलंय तुम्ही, चालू करायचं बटण नव्हे."

प्लेचं बटण दाबलं की जुने फोटो दिसतात आणि कासव मान बाहेर काढत नाही. मान आतच होती गं. इतके दिवस ती मान बाहेर आली की मला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं, आणि त्या दिवशी ती आली नाही हे मला कळलंसुद्धा नाही. मी फोटोला लाल साडी दाखवत होते.

सगळे हसले. मीही हसले. समोरचीला मुलाने हातवारे करून सांगितलं तर ती खो खो हसली. मग फोटो बघितला आणि म्हणाली, "मी इतकी म्हातारी झालंय? तू माका सांगूक नाय कधी."

मग मी खोक्यांकडे बघितलं. सूनच बोलली. मुलाची नोकरी तिकडची, बदलापूरला मोठी जागा घेतलीय, दोन दिवसांत निघायचं. "आईंना म्हटलं होतं, तुम्हाला आधी कळवा. म्हणाल्या, मीच सांगीन. आणि पडदा लावून बसल्या. तुमचा फोन आला तर उचलू देईनात."

मी तिच्यासमोर बसले. हातांनी विचारलं, का नाही सांगितलंस?

तिने मांडीवरचे दोन्ही हात उचलले, उघडले, नुसते माझ्यासमोर धरले. "खंयच्या हातान सांगू? ह्याका खूण नाय गो."

खरंच नव्हती. पाणी गेलं याला होती, मुकादम आला याला होती. आता आपण एकमेकींना दिसणार नाही, याची खूण त्या गिरणीत कुणाला लागलीच नसेल. कामाची पाळी संपली की सगळ्या एकाच गल्लीत परत यायच्या ना.

सुनेने चहा केला, खोक्यातून काढलेल्या दोन कपांत. "मावशी, एक विचारू? मी आले की आई मिशीला हात लावल्यासारखं करतात, ते काय असतं हो?"

मी समोरचीकडे बघितलं. तिला ऐकू आलं नव्हतं, पण सुनेचा हात ओठांवर गेलेला तिने बघितला होता. ती गडबडीने चहात बघायला लागली. "काही नाही गं," मी म्हटलं. "म्हणजे, मोठं माणूस आलं."

निघताना तिला कॅमेरा हातात घ्यायचा होता. खोलीच्या या टोकाला ती, त्या टोकाला मी. तिने कडी पार उजवीकडे ढकलली आणि ओरडली, "तुझा नाकच दिसता! बाकीचा खंय गेला?" मी जाऊन तिचं बोट डाव्या बाजूच्या बटणावर ठेवलं, दाबून धर म्हणून खूण केली आणि पुन्हा जागेवर येऊन उभी राहिले. तिने दाबलं. बराच वेळ डोळा लावून बसली. बटण सोडलं नाही तिने.

तिला जाऊन बरेच दिवस झाले. त्या खिडकीला आता दुसऱ्यांचा पडदा आहे, डब्याच्या जागी एसीचं खोकं. मी बघते अधूनमधून, पण उगीच परक्यांच्या घरात डोकावल्यासारखं होतं, म्हणून लगेच मान आत घालते कासवाची. बदलापूरपर्यंत पोचेल असा कॅमेरा तुमच्या त्या दुकानांत असेल तर सांग. मधूनमधून सून व्हिडिओ कॉल लावून देते. पण फोन ती समोरचीच्या तोंडाशी धरते, तर मला दिसतं कपाळ, हात राहतात चौकटीबाहेर. आणि हात नाही तर ती मुकीच गं. ती ओरडून म्हणते, "जेवलंस?" मी इकडे मान हलवते. चित्र अडकतं. संपलं.

चार वाजले की अजून मी गॅलरीत जाते. काल वॉचमनने आपणहून फोन केला. "आजी, आजकाल साडी नाय दिसत." मी म्हटलं, सेक्रेटरीला बरं वाटलं असेल. तो म्हणाला, "त्याचं सोडा, तुमी बऱ्या हाय ना?" हे असं. चौकशी होते, नाही असं नाही.

आता प्लेचं बटण मी मुद्दाम दाबते. फोटो आहे हे माहीत असून. ती हात वर करून उभी असते आणि मी बघते. पण कॅमेरा आता कुरकुर करतो, कार्ड भरलंय म्हणतो, काहीतरी पुसा म्हणतो. मी नाही पुसणार. तुझे फ्लेमिंगो आहेत त्यात शेकड्यांनी, सगळे सारखेच दिसतात, त्यातले कुठले ठेवायचे ते तू येऊन ठरव.

शेवटची जी जागा उरली होती, त्यात मी एक फोटो काढलाय. माझाच. तो वेळ लावायचा प्रकार मी शिकले, केशरी दिवा लुकलुकतो तोवर आपण पळत जाऊन बसायचं. गुडघ्यांमुळे पहिल्या खेपांना माझी नुसती पाठ आली, एकदा रिकामी खुर्ची, तेवढे मात्र पुसले. शेवटी कॅमेरा खुर्चीच्या जवळ ओढला तेव्हा जमलं. फोटोत मी गॅलरीत बसलेय, हात वर, बोटं आपल्याकडे ओढलेली. हे सगळं वाचलंस, आता ती खूण तुला वाचता येईल. आणि समोरचीसारखी मी नुसत्या लाल साडीवर समाधान मानणार नाही, हेही लक्षात ठेव.

गाडी घेऊन ये. दुपारी जेवून निघालो तर वेळेत बदलापूर. चार वाजता आपण तिच्या दारात असू, कॅमेऱ्याशिवाय. येण्याआधी कळव म्हणजे तिला न्यायला बेसनाचे लाडू वळून ठेवीन. नाहीतर नको कळवूस, तशीच ये. पण लवकर ये गं.